प्लॅस्टिक, सिंथेटिक कापड आणि स्टॅटिक: हवेच्या परिणामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॅस्टिकची फिल्म छापणारे, प्लॅस्टिकचा दाणा वाळवणारे, यंत्रमाग चालवणारे आणि घरी खुर्चीतून उठताना झटका बसणारे, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा धागा एकच आहे. हवा दमट झाली म्हणून चार्ज तयार होणं थांबत नाही, तयार झालेल्या चार्जला निघून जायला वाट मिळते. ही वाट कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही, हे कळलं की निम्म्या तक्रारींचं मूळ सापडतं. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्लॅस्टिकवर चार्ज येतो म्हणजे नेमकं काय होतं?

दोन पदार्थ एकमेकांना टेकून सुटले की थोडा विद्युतभार, म्हणजेच चार्ज, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यासाठी घासायलाच हवं असं नाही. घासल्याने खरोखर टेकणारी जागा वाढते, इतकंच. धातूवर आलेला भार क्षणात पसरतो आणि अर्थिंग असेल तर जमिनीत जातो. पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक आणि सिंथेटिक धाग्यात, तो जिथे पडला तिथेच अडकून राहतो; यालाच स्टॅटिक म्हणतात. स्वच्छ, कोरड्या पॉलिप्रॉपिलीन फिल्मवर तो तासन्‌तास, कधी दिवसभराहूनही जास्त टिकतो.

हा भार असतो फार थोडा. मोकळ्या हवेत सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण २६ मायक्रोकूलोम ही कमाल मर्यादा. त्यापुढे हवाच विद्युतरोध सोडते आणि ठिणगी पडते. पृष्ठभागावरच्या अणूंशी हिशेब लावला तर लाखभर अणूंमागे एखाद-दोन भार निघतात. एवढ्यावर फिल्म रोलरला गुंडाळते आणि सूत फुलतं. म्हणूनच ओलाव्याचा, धुळीचा, बोटाच्या तेलाचा अगदी बारीक थरही निकाल बदलून टाकतो.

२. पावसाळ्यात काहीच त्रास नसतो आणि थंडी सुरू झाली की सगळं चिकटायला लागतं. असं का?

हवेतल्या वाफेचे रेणू प्रत्येक पृष्ठभागावर बसतात आणि उठतात. हवा दमट असली की प्लॅस्टिकवर पाण्याचा अदृश्य थर धरतो. त्यात घाम, मीठ, धूळ यांचे आयन विरघळतात आणि पृष्ठभागावरून भार सरकू लागतो. सरकत सरकत तो जवळच्या धातूपर्यंत पोहोचतो किंवा विरुद्ध भाराला मिळून संपतो. हवा कोरडी झाली की हा थर तुटक होतो. मग पृष्ठभागाचा रोध दहा-वीस टक्क्यांनी नाही, कित्येक हजार पटींनी वाढू शकतो. बदल इतका अचानक जाणवतो तो यामुळेच.

फिल्म रोलरवरून सुटताना जुलैतही भार तयार होतोच. फक्त पुढच्या रोलरपर्यंत जाईतो त्यातला बराच निघून गेलेला असतो. मशीनचा वेग वाढवला की निघून जायला वेळच मिळत नाही. मिनिटाला शंभर मीटरच्या वेगाला पावसाळ्यात शांत चाललेलं मशीन तीनशेला त्याच हवेत त्रास देऊ शकतं.

३. दमट हवा वीजवाहक असते, म्हणून चार्ज हवेत जातो. बरोबर ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि तो महागात पडतो. पाण्याची वाफ मिसळलेली हवाही विद्युतरोधकच असते. भार जातो तो पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून. म्हणून त्या ओलाव्याला पुढे टेकायला जागा लागते. हवेत मोकळी लटकणारी फिल्म, प्लॅस्टिकच्या चाकांची ट्रॉली, रबरी चटईवर उभा माणूस यांच्याभोवती कितीही दमटपणा असला तरी जमिनीपर्यंतची वाट तुटलेली असेल तर भार तिथेच राहतो.

याची दुसरी बाजूही लोक विचारतात: पाणी अजिबात नसेल तर चार्ज येणारच नाही का? येतो. पाण्याचा अंश नसलेल्या प्रयोगांतही पॉलिमरवर भार आलेला दिसला आहे. काही जोड्यांमध्ये अगदी कोरड्या हवेपेक्षा थोड्या दमट हवेत भार किंचित जास्तच येतो आणि त्यापुढे उतरतो. पण कारखान्यात ज्या मर्यादेत काम चालतं तिथे दमटपणा वाढला की त्रास कमी होतो, हे धरून चालायला हरकत नाही.

४. मग आर्द्रता किती टक्के ठेवली म्हणजे झालं?

सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली की त्रास ठरलेलाच. ४० ते ५० मध्ये बरीच कामं सुरळीत होतात. ६० ते ६५ च्या पुढे बहुतेक कापडं आणि कागद शांत होतात. याहून नेमका एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण तो पदार्थावर (प्रश्न ७) आणि वेगावर ठरतो.

आर्द्रता वाढवण्याची किंमतही मोजावी लागते. लोखंडी भाग गंजतात, कागदाची कड वळते, नायलॉनचं माप बदलतं, लॅमिनेशनच्या काही चिकटद्रव्यांची रासायनिक क्रिया बिघडते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाले आर्द्रतेवर विसंबत नाहीत. त्यांच्या अँटिस्टॅटिक साहित्याच्या चाचण्या मुद्दाम १२ टक्के आर्द्रतेला घेतात. तिथे टिकलं तर कुठेही टिकेल, असा त्यामागचा विचार. तो मला फार पटतो. साहित्य विकत घेताना पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारा: हा रोध किती आर्द्रतेला मोजला आहे?

५. मोबाइलवर आर्द्रता ८० टक्के दाखवतात, तरी आमच्या हॉलमध्ये झटके बसतात. आकडा खोटा आहे का?

आकडा खरा असतो, पण तो बाहेरच्या हवेचा. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते त्यातला किती भाग भरलेला आहे ते. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता वाढते आणि तेवढीच वाफ कमी टक्के भरते. पहाटे १० अंश सेल्सिअसला ८० टक्के असलेली हवा आत घेऊन २५ अंशांपर्यंत तापवली, तर एक थेंब पाणी न काढता ती ३० टक्क्यांच्या आसपास येते.

प्रत्यक्ष मालाजवळ तर आणखी फरक पडतो. हॉल ३० अंशांवर आणि ६० टक्के आहे, पण ड्रायरमधून निघालेली फिल्म ५० अंशांवर आहे. त्या गरम पृष्ठभागाला लागून असलेल्या हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपासच राहते. भिंतीवरचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ६० दाखवतो आणि फिल्म मात्र वाळवंटात असते. मोजायचं असेल तर मशीनजवळ मोजा, आणि पृष्ठभागाचं तापमानही घ्या.

६. नागपूरला एप्रिल-मेमध्ये हवा सगळ्यात कोरडी असते. मग झटके डिसेंबर-जानेवारीतच का बसतात?

निरीक्षण अगदी अचूक आहे. विदर्भात उन्हाळ्यातल्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, थंडीत ती त्याहून जास्त असते. फरक आपल्या राहणीत आहे. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात आणि ते खोलीत भरभरून वाफ सोडतात. अंग घामेजलेलं असतं, त्यामुळे त्वचा आणि कपडे दोन्ही थोडे वाहक होतात. कपडे सुती, पाय बहुधा अनवाणी किंवा साध्या चपलेत. थंडीत कूलर बंद, त्वचा कोरडी, अंगावर लोकर किंवा अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर, अंथरुणात पॉलिएस्टरचं ब्लँकेट, पायात जाड रबरी तळवे.

ज्या कारखान्यात कूलर नाही आणि माल सिंथेटिक आहे, तिथे मे महिन्याची दुपार जानेवारीइतकीच वाईट असते. पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच.

७. कोणतं प्लॅस्टिक हवेचा परिणाम जास्त घेतं?

जे पाणी शोषतं ते. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेला कापूस वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. म्हणून आर्द्रता वाढवल्यावर नायलॉन पटकन सुधारतो, पॉलिएस्टर उशिरा, आणि पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन फक्त पृष्ठभागावरच्या थरापुरते.

टेफ्लॉन सगळ्यात हट्टी. पाणी त्याच्यावर पसरतच नाही, सुटे ठिपके होऊन बसतं, त्यामुळे भाराला सलग वाट मिळत नाही. ८० टक्के आर्द्रतेतही टेफ्लॉनचं आवरण असलेला रोलर चार्ज धरून बसू शकतो. पाकीट सील करण्याच्या जागी टेफ्लॉनची पट्टी लावलेली असते तिथे हे लक्षात ठेवा.

कोण धन आणि कोण ऋण होणार याची क्रमवारी १७५७ साली योहान कार्ल विल्के यांनी पहिल्यांदा मांडली. आज सापडणाऱ्या याद्यांमध्ये नायलॉन आणि लोकर धन टोकाकडे, कापूस आणि कागद मध्यावर, पॉलिएस्टर, पॉलिइथिलीन, पीव्हीसी ऋण बाजूला आणि टेफ्लॉन अगदी शेवटी असतं. शेजारशेजारच्या पदार्थांचा क्रम मात्र ओलावा, मळ आणि पृष्ठभागाच्या अवस्थेनुसार उलटसुलट होतो. दोन याद्या जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका.

८. इचलकरंजीत आमच्या मागांवर सुती धागा नीट चालतो, पॉलिएस्टर फुलतं आणि तुटतं. पाण्याचे फवारे लावले तर भागेल का?

थोडं भागेल, पूर्ण नाही. सुताला दमट हवा दोन प्रकारे मदत करते: चार्ज निघून जातो आणि ओला कापूस मजबूत होतो. पॉलिएस्टरला यातला दुसरा फायदा मिळत नाही, पहिलाही अर्धवट मिळतो. तिथे खरं काम करतं ते धाग्यावरचं स्पिन फिनिश, म्हणजे कताईच्या वेळी लावलेलं तेलकट अँटिस्टॅटिक द्रव्य. आणि या द्रव्यालाही हवेतून थोडा ओलावा लागतो. म्हणून फिनिश चांगलं आणि हॉल ५५ ते ६५ टक्के, असं दोन्ही जमलं तर पॉलिएस्टर शांत चालतं.

फवारा बारीक धुक्याचा हवा. मोठे थेंब थेट धाग्यावर पडले तर फिनिश धुऊन निघतं आणि कापडावर डाग पडतात. थंडीत आलेली बॉबिन उघडून काही तास हॉलमध्ये ठेवून मग मागावर चढवा. आतल्या थरांना हॉलच्या हवेशी जुळायला वेळ लागतो.

९. तापमानाचा स्वतंत्र परिणाम असतो का, की सगळं आर्द्रतेतूनच होतं?

दोन्ही आहे. आर्द्रतेतून होणारा परिणाम प्रश्न ५ मध्ये आला. त्याशिवाय पॉलिमर तापला की त्याच्या आतूनही भार सरकू लागतो, विशेषतः त्याच्या काचावस्थेच्या तापमानापुढे, म्हणजे जिथे कडक पॉलिमर मऊ पडू लागतो त्यापुढे. पॉलिएस्टरच्या फिल्मसाठी ते ७०-८० अंशांच्या पट्ट्यात येतं, पॉलिस्टायरीनसाठी १०० च्या आसपास. म्हणजे गरम अवस्थेत पडलेला भार थोडाफार निघून जातो, आणि माल थंड होताना उरलेला आत गोठून बसतो. मोल्डिंगमधून निघालेला डबा आधी ठीक वाटतो आणि दोन तासांनी त्याच्यावर धुळीची नक्षी दिसते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. साच्यातून सुटताना पडलेला भार टिकून राहिला, आणि त्याने सावकाश धूळ ओढली. अशा मालावर आयोनायझरची (हवेत धन-ऋण आयन सोडून चार्ज मारणाऱ्या यंत्राची) हवा साच्यातून काढल्या काढल्या एकदा आणि थंड झाल्यावर पॅकिंगच्या आधी पुन्हा एकदा मारा.

१०. बाहेर धो धो पाऊस आहे, तरी हॉपरमध्ये दाणा भिंतीला चिकटतो. हे कसं?

कारण हॉपरमध्ये, म्हणजे दाणा भरून ठेवायच्या नरसाळ्यात, पाऊस नाही. पॉलिएस्टरचा दाणा वाळवायला डिह्युमिडिफायर ड्रायर जी हवा देतो तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) उणे ४० अंशांच्या आसपास असतो. वाफ जवळजवळ नसतेच. त्या हवेत वाळलेला, गरम दाणा पाइपमधून वेगाने आपटत जातो, म्हणजे लाखो वेळा टेकणं आणि सुटणं. भार तयार होतो आणि जायला वाट नसते.

इथे आर्द्रता वाढवणं हा उपायच नाही, कारण दाण्यात पाणी राहिलं तर वितळताना पॉलिएस्टरची साखळी तुटते. हवेचा वेग कमी करा, वळणं कमी करा, धातूचे पाइप वापरा आणि प्रत्येक जोडावरून अर्थिंग सलग आहे का ते तपासा. दोन धातूच्या पाइपांमधला रबरी जोड हा विसरला जाणारा दुवा आहे. त्यामुळे जोडापलीकडचा पाइप अर्थिंगपासून एकटा पडतो आणि त्याच्यावर साठलेला सगळा भार एका ठिणगीत सुटू शकतो.

११. अँटिस्टॅटिक मास्टरबॅच घातला. गणपतीत माल उत्तम होता, दिवाळीनंतर तक्रारी आल्या. मास्टरबॅच बदलून दिला का?

बहुधा मास्टरबॅच (प्लॅस्टिकमध्ये मिसळायचा, द्रव्य भरलेला दाणा) तोच आहे, हवा बदलली आहे. ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट किंवा इथॉक्सिलेटेड अमाइन या नेहमीच्या द्रव्यांचं काम असं: ती प्लॅस्टिकच्या आतून हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेतला ओलावा ओढून धरतात. वाहक असतो तो ओलावा, द्रव्य फक्त त्याला बोलावतं. हवेतच ओलावा नसेल तर ते निष्प्रभ होतं. शिवाय थंडीत द्रव्याचं पृष्ठभागावर येणंही मंदावतं, त्यामुळे उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत जो परिणाम दिसतो त्याला थंडीत जास्त दिवस लागतात.

ग्राहक कोरड्या भागात किंवा एसी गोदामात माल ठेवत असेल तर आर्द्रतेवर अवलंबून नसलेले पर्याय पाहा: कार्बन ब्लॅक किंवा कायमस्वरूपी अँटिस्टॅटिक पॉलिमर. कार्बनने माल काळा होतो, आणि कायमस्वरूपी पर्याय महाग पडतो. पारदर्शक, स्वस्त आणि कोरड्या हवेतही चालणारा, असं तिन्ही एकत्र मिळणं कठीण. हे ग्राहकाला ऑर्डर घेतानाच सांगणं बरं.

१२. घाटावर आणि कोकणात फरक पडतो का? उंचीचा, हवेच्या दाबाचा?

उंचीचा थोडाच. हवा विरळ झाली की ती लवकर फुटते, म्हणजे विद्युतरोध सोडते, त्यामुळे पृष्ठभागावर मावणारा जास्तीत जास्त भार थोडा कमी होतो. महाबळेश्वरसारख्या उंचीवर दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. आर्द्रतेच्या चढउतारापुढे हा फरक दिसतही नाही. मेटलायझिंगच्या (फिल्मवर धातूचा थर चढवण्याच्या) व्हॅक्यूम चेंबरमध्ये मात्र चित्र वेगळं आहे. चांगल्या निर्वातात फुटायला हवाच नसल्याने फिल्मवर मोकळ्या हवेपेक्षा जास्त भार टिकू शकतो, आणि हवा आत सोडताना तो अचानक सुटतो.

कोकणातला खरा फरक मिठाचा. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेपुढे हवेतलं पाणी ओढून विरघळतं. खाऱ्या हवेचा बारीक थर बसलेलं प्लॅस्टिक त्यापुढे चांगलंच वाहक होतं. तेच प्लॅस्टिक धुऊन पुसून ठेवलं तर पुन्हा चार्ज धरतं. साफसफाईनंतर स्टॅटिक वाढला अशी तक्रार येते, तिचं उत्तर इथे आहे.

१३. दमट हवेने चार्ज जातो, मग एन-९५ मास्क श्वासाच्या वाफेने निकामी का होत नाही?

मास्कमधला मेल्टब्लोन (वितळलेलं प्लॅस्टिक फुंकून केलेल्या बारीक तंतूंचा) थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्याच्यावर मुद्दाम भार चढवलेला असतो. हा भार तंतूच्या आतल्या सापळ्यांतही अडकलेला असतो, आणि पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही (प्रश्न ७). त्यामुळे श्वासातली वाफ पृष्ठभागावरून फिरली तरी आतला भार बराच काळ टिकतो. अल्कोहोल किंवा साबणाचं पाणी मात्र तंतूला भिजवतं आणि भार संपवतं. मास्क दिसायला तसाच राहतो, पण बारीक कण अडवण्याची त्याची ताकद घटते. म्हणून असा मास्क सॅनिटायझर मारून वापरू नये.

१४. रोलरवर चार्ज मोजणारा मीटर शून्य दाखवतो, पुढे फिल्म मात्र कागद ओढते. मीटर बिघडलाय का?

फिल्म धातूच्या रोलरला टेकलेली असताना तिच्या भाराचं क्षेत्र रोलरकडे वळतं आणि मीटरला फारसं काही दिसत नाही. दोन रोलरांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, मीटरवर लिहिलेल्या अंतरावरून मोजा. बऱ्याच हातातल्या मीटरसाठी ते २५ मिलिमीटर असतं. आणखी एक अडचण आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की चार्ज झालेल्या पॉलिमरवर धन आणि ऋण ठिपक्यांची सूक्ष्म सरमिसळ असते. मीटर त्यांची फक्त बेरीज सांगतो. आकड्यासोबत त्या वेळची आर्द्रता, फिल्मचं तापमान आणि वेग लिहून ठेवा. नाहीतर जानेवारीच्या आकड्याची जुलैच्या आकड्याशी तुलना करता येत नाही.

१५. आयोनायझर पावसाळ्यात बंद ठेवला तर चालेल?

साध्या कामात, मोजून पाहिल्यावर, चालू शकेल. सॉल्व्हंट (शाई पातळ करणारं ज्वलनशील द्रव) असेल तिथे नाही, आणि त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे. दमट, धुळीच्या हवेत आयोनायझरच्या सुयांवर मळ जमतो, म्हणून पावसाळ्यात उलट जास्त वेळा साफ करा.

१६. ग्रॅव्युअर छपाईच्या मशीनवर इथाइल अ‍ॅसिटेट आणि टोल्यूईन वापरतो. आर्द्रता ७० टक्क्यांवर ठेवली तर अर्थिंगकडे थोडं दुर्लक्ष चालेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

अशा सॉल्व्हंटच्या वाफा पेटायला ०.२ ते १ मिलिज्यूल इतकी ऊर्जा पुरते. चार्ज साठवण्याच्या क्षमतेत माणसाचं शरीर शंभर-दीडशे पिकोफॅरडचं असतं. ते ३ किलोव्होल्टपर्यंत चार्ज झालं की सुटणारी ऊर्जा अर्धा मिलिज्यूलच्या आसपास येते, आणि झटका जेमतेम जाणवू लागतो तो याच पातळीला. म्हणजे झटका जाणवला नाही म्हणून ठिणगी निरुपद्रवी होती असं मानता येत नाही. टोल्यूईनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवावर पेटण्याजोगी वाफ जमते तो) ४ अंश सेल्सिअस, इथाइल अ‍ॅसिटेटचा उणे ४. आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत उघड्या भांड्यावर पेटण्याजोगी वाफ असतेच.

आर्द्रता इथे आधार का देत नाही, याची कारणं वर विखुरलेली आहेत: गरम फिल्मजवळची हवा कोरडी असते (प्रश्न ५), वेगापुढे भाराला निघायला वेळ नसतो (प्रश्न २), जमिनीपर्यंतची वाट तुटलेली असेल तर ओलावा निरुपयोगी (प्रश्न ३). शिवाय रात्री ह्युमिडिफायर बंद पडला तर कुणाला कळतही नाही.

सगळे धातूचे भाग, शाईची बादली, ड्रम, पंप आणि ट्रॉली अर्थिंगला जोडा. कामगारांना अँटिस्टॅटिक बूट द्या, आणि शाई साचलेल्या फरशीने ते निरुपयोगी होतात, म्हणून फरशी घासून ठेवा. सॉल्व्हंट प्लॅस्टिकच्या बादलीतून ओतू नका. प्लॅस्टिकला तार जोडून त्याचं अर्थिंग होत नाही, कारण भार तारेपर्यंत पोहोचतच नाही. फिल्मवरचा भार काढायला स्फोटक वाफेच्या जागेसाठी प्रमाणित आयोनायझर किंवा अर्थ केलेला ब्रश लागतो. आर्द्रता या सगळ्याच्या जोडीला ठेवा, याच्या जागी कधीच नाही.

१७. पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये घ्यावं लागलं तर?

पेट्रोलसाठी बनवलेलाच कॅन घ्या. तो गाडीच्या सीटवर किंवा डिकीतल्या कार्पेटवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या आणि सावकाश भरा. थंडीत गाडीतून उतरल्यावर नोझलकडे जाण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, आणि भरताना मध्येच पुन्हा सीटवर जाऊन बसू नका.